आयपीएल की लेझर: आपल्या त्वचेसाठी निवड कशी करावी

काखेतले, हनुवटीवरचे किंवा पायांवरचे नको असलेले केस दीर्घकाळासाठी कमी करायचे असे ठरले की प्रश्न येतो तो यंत्राचा. पाटीवर ‘लेझर’ असे लिहिलेले असते, आत गेल्यावर यंत्र आयपीएलचे (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशाच्या झोताचे) निघते, आणि दोन्ही एकच असल्याचे आपल्याला सांगितले जाते. ती एकच नाहीत. अगदी गोऱ्या त्वचेवर हा फरक बहुधा परिणाम किती मिळाला एवढ्यापुरता राहतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या त्वचेवर, तो भाजण्यापर्यंत आणि महिनोन्‌महिने राहणाऱ्या काळ्या डागांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून निवडीची सुरुवात दरपत्रकापासून न करता स्वतःच्या त्वचेच्या आणि केसांच्या रंगापासून करावी.

दोन्ही उपचारांमागचे तत्त्व एकच आहे. बॉस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये ते मांडले: योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य कालावधीसाठी सोडला, तर आजूबाजूच्या ऊतींना फारशी इजा न करता नेमक्या रंगद्रव्यालाच तापवता येते. केसांच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. केसातले मेलॅनिन प्रकाश शोषून तापते, ती उष्णता केस उगवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि त्या निकामी होतात. अडचण अशी की मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असते, आणि प्रकाशाला आधी तो थर ओलांडावा लागतो. त्वचा जितकी सावळी, तितकी वाटेतच अडणारी उष्णता जास्त. निवडीचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो.

लेझरमधून एकाच ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश निघतो. आयपीएल हे लेझर नव्हे. त्यात झेनॉन दिव्याचा तीव्र झोत असतो, त्यात साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतच्या अनेक तरंगलांबी मिसळलेल्या असतात, आणि आखूड तरंगलांबी गाळण्यासाठी पुढे फिल्टर बसवतात. मेलॅनिन आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते आणि लांब तरंगलांबीचा कमी. शिवाय लांब तरंगलांबी अधिक खोल जाते. लेझरमध्ये अलेक्झांड्राइट ७५५, डायोड ८०० ते ८१० आणि एनडी-याग १०६४ नॅनोमीटरवर चालतो. त्यामुळे अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर प्रभावी ठरतो, डायोड गव्हाळ त्वचेपर्यंत चांगला चालतो, आणि गडद सावळ्या किंवा काळ्या त्वचेसाठी दीर्घ स्पंदाचा (म्हणजे प्रकाशाचा प्रत्येक झोत तुलनेने जास्त वेळ टिकणारा) एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानला जातो, मग त्याला एखाद-दुसरे सिटिंग जास्त लागले तरी चालेल. ‘दीर्घ स्पंदाचा’ हे शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण टॅटू आणि डाग काढण्यासाठी वापरला जाणारा क्यू-स्विच्ड एनडी-याग हे वेगळे यंत्र आहे आणि केसांची मुळे नष्ट करण्यासाठी ते उपयोगाचे नाही. नावात ‘याग’ आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

आपली त्वचा कोणत्या गटात मोडते, हे ठरवण्यासाठी डॉक्टर फिट्झपॅट्रिक प्रकार वापरतात. त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते, यावरून पहिला ते सहावा असे सहा प्रकार केलेले आहेत. (ही वर्गवारी १९७५ मध्ये गोऱ्या त्वचेसाठी तयार झाली आणि गहूवर्णी व काळ्या त्वचेचे प्रकार तिच्यात नंतर जोडले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.) भारतीय त्वचा बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. मात्र एकाच व्यक्तीच्या शरीरावरही रंग सारखा नसतो. काख, बिकिनी भाग आणि उन्हात राहणारे हात पोटापेक्षा गडद असतात, म्हणून चेहरा पाहून ठरवलेली प्रकाशाच्या ऊर्जेची मात्रा काखेत तशीच वापरणे धोक्याचे असते.

माझे स्पष्ट मत असे आहे: त्वचा निमगोरी किंवा त्याहून उजळ, केस काळे आणि जाड, आणि यंत्र हाताळणारी व्यक्ती अनुभवी असेल, तर आयपीएलचा विचार करण्यास हरकत नाही, मोठा भाग त्यात लवकर होतो आणि खर्चही बहुधा कमी येतो. त्वचा गव्हाळ किंवा सावळी असेल, तर स्वस्त पडते म्हणून आयपीएल घेऊ नये. डायोड किंवा एनडी-याग उपलब्ध असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. खर्चाची तुलना करताना एका सिटिंगची किंमत न पाहता संपूर्ण उपचाराची पाहावी.

केस पांढरे, सोनेरी किंवा लालसर असतील, तर आयपीएल आणि लेझर या दोन्हींचा उपयोग होत नाही, कारण प्रकाश शोषणारे गडद रंगद्रव्यच तिथे पुरेसे नसते. अशा केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस (बारीक सुईतून वीज सोडून एकेका केसाचे मूळ नष्ट करणे) हा मार्ग उरतो. बारीक, मऊ लवेवरही परिणाम कमी मिळतो, आणि चेहरा, जबडा व मान या भागांत कधी कधी उलटेच घडते: कमी उष्णता मिळाल्याने केस नष्ट होण्याऐवजी आजूबाजूची लव जाड आणि काळी होते. हे आयपीएल आणि लेझर दोन्हींत आढळले आहे, आणि सावळ्या त्वचेत व हार्मोन्सचा असमतोल असलेल्या स्त्रियांमध्ये त्याची शक्यता अधिक असते. म्हणून हनुवटीवर अचानक जाड केस येऊ लागले असतील, पाळी अनियमित असेल किंवा वजन वाढत असेल, तर आधी पीसीओएसची (स्त्रियांमधील हार्मोन्सच्या असमतोलाच्या एका विकाराची) तपासणी करून घ्यावी. मूळ कारण तसेच राहिले तर नवे केस येतच राहतात, आणि दोष यंत्राला दिला जातो.

पहिल्या भेटीत काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. यंत्र कोणते, तरंगलांबी किती, त्वचा थंड ठेवण्याची सोय कोणती, सिटिंग डॉक्टर स्वतः करणार की प्रशिक्षित सहायक, आणि भाजल्यास उपचार कोण करणार? कानामागे किंवा उपचाराच्या भागाच्या कडेला चाचणी करून घ्यावी आणि किमान दोन दिवस, सावळ्या त्वचेवर शक्यतो आठवडाभर, वाट पाहावी. ‘कायमचे शंभर टक्के केस जातील’ असे आश्वासन मिळाल्यास तिथून उठावे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांसाठी ‘कायमस्वरूपी घट’ एवढाच शब्दप्रयोग मान्य करते. त्याचा अर्थ केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते, शून्य होत नाही. गरोदरपणात उपचार पुढे ढकलावा. मुरमांसाठी किंवा अन्य कारणाने घेत असलेली औषधे, विशेषतः डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनोइन, डॉक्टरांना सांगावीत. टॅटू आणि तिळांवरून झोत फिरवू देऊ नये, आणि भुवईच्या खाली डोळ्याच्या खोबणीत तर कधीही नाही.

एका सिटिंगमध्ये सगळे केस जात नाहीत, कारण झोताचा परिणाम फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसांवर होतो आणि एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात. म्हणून साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी चार ते सहा आणि शरीरासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरून येणाऱ्या मुलींना मी हाच हिशोब मांडून दाखवते. सहा सिटिंग सहा आठवड्यांच्या अंतराने म्हणजे तीस आठवडे, आणि शेवटचे सिटिंग लग्नाच्या किमान महिनाभर आधी. याचा अर्थ मार्चअखेर सुरुवात झाली पाहिजे. दसऱ्याला येऊन नोव्हेंबरपर्यंत संपवण्याची घाई केली, की मात्रा वाढवण्याचा मोह होतो आणि भाजणे तिथेच घडते.

सुरुवातीच्या चार आठवडे आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि केस उपटणे बंद करावे, कारण मुळासकट केस निघाला तर प्रकाशाला लक्ष्यच उरत नाही. दाढीच्या रेझरने केस कापण्यास हरकत नाही; सिटिंगच्या आदल्या दिवशी ते करावेच लागते. ऊन टाळावे, उघड्या भागावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे, आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून काळवंडून परतल्यावर लगेच सिटिंग घेऊ नये. बधिरतेचे मलम स्वतःच्या मनाने पूर्ण पायांना फासून वर प्लॅस्टिक गुंडाळणे तर जिवावर बेतू शकते. अशा मृत्यूंनंतर २००७ मध्ये अमेरिकेत अधिकृत इशारा द्यावा लागला होता.

घरगुती आयपीएल यंत्रांची ऊर्जा कमी ठेवलेली असते, त्यामुळे परिणाम हळू मिळतो आणि सातत्य सुटले की केस परत येतात. खोक्यावरील रंगपट्टी दिवसाच्या उजेडात उपचाराच्या भागाशी जुळवून पाहावी. आपला रंग पट्टीच्या कडेला किंवा बाहेर पडत असेल, तर ते यंत्र वापरू नये.

सिटिंगनंतर काही तास लालसरपणा आणि केसांच्या मुळांभोवती हलकी सूज येणे अपेक्षित असते. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत केस उगवल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते बाहेर टाकले जात असतात, ते उपटू नयेत. त्या भागावर आठवडाभर हळद, उटणे, लिंबू किंवा ब्लीच लावू नये. फोड आले, जळजळ दुसऱ्या दिवशीही टिकली किंवा त्वचा राखाडी-काळी पडू लागली, तर थंड पाण्याची पट्टी ठेवून त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत पुढचे सिटिंग घेऊ नये, पॅकेजचे पैसे आधी भरलेले असले तरीही.