काचेच्या शेगडीवर गुळाचा पाक

म्युनिकला येऊन मला चौदा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात विद्यापीठात नवी पोरं येतात आणि दिवाळीपर्यंत तेच दोन प्रश्न विचारतात: पोळ्या वातड का होतात आणि डाळ का शिजत नाही?

पोळ्या वातड होतात कारण तुम्ही सगळ्यात स्वस्त पाकीट उचलता. त्यावर ‘टाइप 405’ लिहिलेलं असतं, म्हणजे आपला मैदा. 100 ग्रॅम पीठ जाळलं की किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. आकडा वाढला की कोंडा वाढला. ‘फोलकोर्न’वर आकडाच नसतो, कारण त्यात अख्खा गहू दळलेला असतो. फोलकोर्न आणि टाइप 1050 निम्मं-निम्मं घ्या, कोमट पाण्यात सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा पाणी सावकाश पितो. दहा वर्षं राहून फ्रोझन पराठ्यांवर जगणारे लोक ‘इथल्या पिठाला चव नाही’ म्हणतील, त्यांचं ऐकू नका. धान्याच्या बाबतीत जर्मन माणूस आपल्याहून चोखंदळ आहे.

इथल्या दुकानात ‘हिर्से’ नावाचं धान्य मिळतं, ते म्हणजे बाजरी नव्हे. ते बहुधा चेना असतं, आपल्या वरीचं भावंड. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण बरेचदा विरी गेलेलं. उकड काढून मळलं तर भाकरी निभते. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून लहान पाकीट आणा आणि फ्रीझरमध्ये टाका.

डाळीचा दोष डाळीत नाही, पाण्यात आहे. इथलं पाणी जड. किटलीच्या तळाचा पांढरा थर बघा. पाण्यातलं कॅल्शियम डाळी-कडधान्यांना लवकर मऊ होऊ देत नाही. तूरडाळ तासभर, हरभरे रात्रभर भिजवा, हरभऱ्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. डाळीसाठी मिनरल वॉटरच्या बाटल्या वाहून आणणारे एक काका मला माहीत आहेत. ते पाणी कित्येकदा नळापेक्षाही जड असतं!

तूप, पेढे, खवा बॅगेत आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. 250 ग्रॅम बिनमिठाचं ‘झाउअरराम’, म्हणजे आंबवलेल्या सायीचं, लोणी मंद आचेवर कढवा. दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, तेही खमंग.

आता शेगडी. हे नीट वाचा. भाड्याच्या घरात बहुधा काचेची सेरान शेगडी असते. तिच्यावर बुडाला सपाट नसलेली कढई तापत नाही, बिडाचा तवा सरकवला तर ओरखडे पडतात, आणि फुलका कापडाने दाबूनच फुगवावा लागतो. हे सगळं चालवून घेता येतं. साखर आणि गूळ मात्र नाही.

पहिल्या संक्रांतीला तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक ठेवला आणि आईचा फोन आला. पाक उतू गेला. ‘गार झाल्यावर काढू,’ म्हणून मी बोलत बसले. तासाभराने खरवडायला गेले तर गुळाबरोबर काचेच्या खपल्या निघाल्या. थंड होताना गूळ काचेला ओढून घेतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? घर सोडताना घरमालकाने अनामत रकमेतून साडेचारशे युरो कापले.

म्हणून पाक, पुरण, खीर, जॅम, काहीही गोड सांडलं की शेगडी बंद करा, भांडं बाजूला घ्या आणि काच गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने साफ करा. हाताला जाड मोजा घाला. खरवडणी पाच-सहा युरोंना मिळते. ती ड्रॉवरमध्ये नको, शेगडीजवळच टांगा. आणि आईचा फोन आला तर सांगा, नंतर करते.

रविवारी दुकानं बंद असतात. कोथिंबीर शनिवारीच आणा, तुर्की दुकानातून; तिथली जुडी मोठी असते.