कोरड्या डोळ्यांसाठी पंक्टल प्लग: बसवण्याआधी काय तपासायचं, नंतर काय सांभाळायचं

आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला हलकेच बाहेर ओढून बघा. कडेवरच्या छोट्या उंचवट्याच्या टोकाला एक बारीक ठिपका दिसेल. हे पंक्टम, म्हणजे अश्रूंच्या निचऱ्याचं तोंड. त्याची रुंदी जेमतेम ०.३ मिलिमीटर असते, आणि वरच्या पापणीलाही असंच एक असतं. तिथून नलिका सुमारे २ मिमी पापणीत उतरते, मग वळून आठेक मिमी आडवी जाते आणि अश्रुपिशवीमार्गे नाकात उघडते. ड्रॉप्स घातल्यावर घशात कडू चव येते ती याच वाटेने.

मोरीला बोळा लावला की पाणी तुंबतं, तसंच पंक्टममध्ये बसवलेल्या प्लगने, म्हणजे बारीकशा बुचाने, ही वाट बंद होते आणि आहेत ते अश्रू डोळ्यावर जास्त वेळ टिकतात. प्लग नवे अश्रू तयार करत नाही आणि डोळ्यावर जे आहे तेच राखून ठेवतो, मग ते चांगलं असो वा वाईट. त्यामुळे पापण्यांच्या कडा लाल, सुजलेल्या असतील किंवा ॲलर्जी भडकलेली असेल, तर दाह वाढवणारे घटकही डोळ्यावरच साचतात आणि चुरचुर कमी होण्याऐवजी वाढते. आधी दाह आटोक्यात आणायचा, प्लग नंतर. हा क्रम चुकला की लोक प्लगलाच दोष देतात.

म्हणून आधी तपासण्या. शर्मर टेस्टमध्ये कागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं अडकवतात. ती १० मिमीपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी, ५ मिमीच्या आत असेल तर कोरडेपणा तीव्र. प्लगचा खरा उपयोग याच रुग्णांना होतो. पट्टी नीट भिजते, पण अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फाटतो, असं दिसलं तर बहुतेकदा पापणीतल्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात आणि अश्रू उडून जातात. अशा वेळी रोज गरम शेक आणि पापण्यांची स्वच्छता, यांना पहिला मान. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सूज, दुखरेपणा किंवा पू असेल, अश्रुमार्ग आधीच बंद असेल किंवा प्लगच्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर प्लग बसवू नये.

पहिल्यांदाच करत असाल तर आधी कोलॅजेनचा प्लग घालून बघता येतो. तो काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत आपोआप विरघळतो. तेवढ्यात आराम पडतो की डोळे वाहायला लागतात, ते कळतं. काही महिने टिकणारे विरघळणारे प्लगही मिळतात. कायमस्वरूपी म्हणून सिलिकॉनचा. त्याची टोपी पंक्टमवर बाहेर दिसते आणि नको असेल तेव्हा चिमट्याने काढता येतो. पूर्ण आत नलिकेत बसणारेही प्लग असतात. ते खुपत नाहीत, पण दिसतही नाहीत, आणि आत संसर्ग झाला तर काढणं जिकिरीचं होतं. आमचं मत विचाराल तर सुरुवात दिसणाऱ्या प्लगनेच करावी.

बसवण्याचं काम नेत्रतज्ज्ञाचंच, आणि ते काही मिनिटांत होतं. भूल देणारा थेंब घालतात. मापकाने पंक्टमचं माप घेतात. ही पायरी वगळू देऊ नका: प्लग लहान झाला तर गळून पडतो, मोठा झाला तर तोंड ताणलं जातं. मग पापणी बाहेर आणि कानाच्या दिशेने ताणून नलिका सरळ करतात, गरज वाटली तर तोंड किंचित रुंद करतात आणि प्लग दाबून बसवतात. शेवटी स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली) टोपी कडेला सपाट टेकली आहे ना, हे बघतात. टोपी वर उचललेली राहिली तर प्रत्येक उघडझापीला ती डोळ्यावर घासते. बहुधा आधी फक्त खालचे दोन बंद करतात. पुरेसा फरक पडला नाही तरच वरचे.

घरी आल्यावर सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे डोळे चोळणं. प्लग जातो तो बहुतेक असाच. चेहरा पुसताना नाकाजवळच्या कोपऱ्यावर दाब देऊ नका, चिपडं ओल्या स्वच्छ कापसाने हलक्या हाताने टिपा. ड्रॉप्स लगेच बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण आता औषध डोळ्यावर जास्त वेळ राहतं आणि बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं प्रिझर्व्हेटिव्ह पृष्ठभागाला त्रास देतं. काचबिंदूचे ड्रॉप्स चालू असतील तर प्लगआधीच सांगा.

सुरुवातीला कोपऱ्यात थोडं खुपणं, थोडं पाणी येणं चालतं. पाणी गालावर ओघळतच राहिलं तर एखादा प्लग काढावा लागतो. टोपी दिसेनाशी झाली तर ती गळाली की आत सरकली, हे घरी कळत नाही. टोकरू नका, दाखवा. टोपीभोवती लालसर मांस वाढू लागलं, तरी प्लग काढायला हवा. आणि एकाच डोळ्याचा कोपरा सुजला, दुखू लागला, चिकट स्राव येऊ लागला तर नलिकेत संसर्ग असू शकतो. तेव्हा नुसत्या अँटिबायोटिक थेंबांवर दिवस काढू नका. आतला प्लग निघाल्याशिवाय तो सहसा बरा होत नाही. आत गेलेला प्लग बऱ्याचदा सलाइनने धुऊन काढता येतो, क्वचित छोटी शस्त्रक्रिया लागते.

प्लगने आराम पडतो पण तो वारंवार गळतो, अशांसाठी पंक्टम उष्णतेने कायमचं बंद करण्याचा पर्याय आहे. ते पुन्हा उघडणं अवघड असतं, म्हणून प्लग असताना डोळे वाहत नव्हते, याची खात्री झाल्यावरच तो निवडावा.