पाळी आठ दिवसांनंतरही थांबत नसेल तर कारण कसं शोधावं

पाळी साधारणपणे दोन ते सात दिवसांत आटोपते. आठ दिवस उलटूनही अंगावरून जात असेल, तर 'लग्न झालं की होईल नीट' या सल्ल्यावर विसंबू नका. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा पोटात असह्य कळ येत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

एरवी आधी नोंद करा. पाळी कधी सुरू झाली, रोज किती पॅड लागले, नुसते डाग पडतात की गाठीही जातात? दहाच्या नाण्याएवढ्या गाठी असतील तर तसं लिहा.

मग गरोदरपणाची शक्यता तपासा. संबंध आले असतील तर घरी किटवर चाचणी करा. गर्भपात होत असला किंवा गर्भ नळीत राहिला असला, तरी पाळीसारखंच रक्त जातं. चाचणी होकारार्थी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आईसमोर बोलणं अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय असं सांगा. तो तुमचा हक्क आहे.

आता घेतलेल्या गोळ्या आठवा. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेली गोळी, गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची गोळी, मध्येच चुकलेली गर्भनिरोधक गोळी, नुकतीच बसवलेली तांबी, रक्त पातळ करणारं औषध, यांतलं काहीही कारण असू शकतं.

पाळी सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झाली असतील, तर बहुतेक वेळा बीजांड दर महिन्याला बाहेर पडत नसतं. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग थोडंथोडं करत कित्येक दिवस झडतं. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून बीजांड वेळेवर बाहेर न पडण्याचा विकार) आणि थायरॉईडच्या त्रासातही असंच घडू शकतं. दोन-दोन महिने पाळी न येणं, हनुवटीवर राठ केस, मुरमं ही पीसीओएसची लक्षणं.

पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल तर रक्त गोठण्यातला दोष असू शकतो, उदाहरणार्थ व्हॉन विलब्रँड आजार. नाकातून वरचेवर रक्त येतं का? दात काढल्यावर ते थांबायला वेळ लागला होता का? किरकोळ धक्क्यानं काळेनिळे डाग उठतात का? हा दोष आनुवंशिक असल्यानं आई-मावशीलाही जास्त जात असतं, मग घरात ते कुणाला वेगळं वाटतच नाही. म्हणून हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ), पॉलिप (गर्भाशयाच्या अस्तरावरची वाढ), जंतुसंसर्ग हीही कारणं असतात. पहिली दोन तरुण वयात कमी आढळतात.

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, प्लेटलेट, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची चाचणी) तपासायला सांगतील. सोनोग्राफी पोटावरून होते, संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. रक्त थांबवायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, काहींना ती चालत नाही. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या मिळतील. त्या चहासोबत घेऊ नका आणि आकडा सुधारला तरी डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा, कारण शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात.