आधी गाव सांगा, मग फॉर्म काढा

ऑस्ट्रेलियात पर्थला व्यसनमुक्तीच्या कामाचा 'सर्टिफिकेट फोर' हा कोर्स केला, तेव्हा वाटलं होतं, पुण्यात समुपदेशन केलंय, दारू सगळीकडे सारखीच. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात कामाच्या पहिल्याच आठवड्यात तो तोरा उतरला. समोरच्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी) आजोबांना मी विचारलं, दिवसाला किती स्टँडर्ड ड्रिंक? (इथे एक म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल.) ते खाली बघत गप्प. मी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. मग घरात लहान मुलं किती, हा रकाना. आजोबा उठून गेले.

मी फाइलीत 'सहकार्य नाही' लिहायला घेतलं, तर शेजारची अ‍ॅबोरिजिनल सहकारी म्हणाली, "तू कोण, कुठली, हे तरी सांगितलंस का?"

आपल्याकडे बसमध्ये शेजारी बसलेली आजीसुद्धा आधी "गाव कुठलं?" विचारते. इथेही तोच प्रश्न असतो, तुझा मॉब कोणता, म्हणजे तुझी माणसं, तुझी भूमी कोणती. मी ते विसरून थेट वहीच उघडली होती. आणि मुलांचा रकाना! इथे साधारण 1970 पर्यंत सरकारी माणसं अ‍ॅबोरिजिनल मुलं घरातून उचलून नेत होती. त्या पिढ्यांतली माणसं आज आजी-आजोबा आहेत. मुलं मोजणारा परका माणूस त्यांना कसा दिसत असेल, हे मला कोर्समध्ये शिकूनही कळलं नव्हतं.

नव्यानं येणाऱ्यांनी एवढं करावं. डोळ्यांत रोखून बघू नका. समोरचा गप्प झाला की तुम्हीही गप्प राहा, तो विचार करत असतो. 'आयरिस' ही व्यसन ओळखायची 13 प्रश्नांची चाचणी याच समाजासाठी बनवलेली आहे, तरी तीही पहिल्या भेटीत नको. पुरुषांचे काही विषय बाईसमोर निघत नाहीत, तेव्हा खुर्ची सोडून पुरुष सहकाऱ्याला बोलवा. घरात मयत झालं, म्हणजे 'सॉरी बिझनेस' असला, तर माणूस आठवडाभरही येणार नाही. त्याला 'गैरहजर' लिहू नका आणि गेलेल्याचं नाव घेऊ नका.

आणि 'हे लोक पितातच' हे डोक्यातून काढा. अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात बाकी ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे. किंबर्लीतल्याच फिट्झरॉय क्रॉसिंग या गावात 2007 साली तिथल्याच बायकांनी रेटा लावला, आणि 2.7 टक्के अल्कोहोलहून कडक दारू घरी न्यायला विकणं बंद झालं. आपली आडवी बाटलीच म्हणा ना, फक्त मतदान नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते आजोबा नदीकाठी गळ टाकून बसलेले दिसले. मी थोडं अंतर ठेवून बसले. फॉर्म गाडीतच होता. म्हटलं, माझं गाव वाई, भारतात, कृष्णेकाठी. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पाण्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "मासे आहेत का तुझ्या नदीत?"