घानाला पावसाळ्यात जाताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपलं पावसाळ्याचं कॅलेंडर डोक्यात ठेवून तिकडचं तिकीट काढणं. मी कामानिमित्त अक्राजवळ तेमाला तीन पावसाळे काढलेत आणि दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी फोन करून विचारायचंच, ऑगस्ट नको ना रे, तेव्हा धो धो असेल. अहो, तिकडे उलट आहे. दक्षिणेत म्हणजे अक्रा, केप कोस्ट त्या पट्ट्यात पाऊस एप्रिलच्या आसपास सुरू होतो, जूनमध्ये सगळ्यात जास्त पडतो आणि ऑगस्टमध्ये चक्क उघडीप, समुद्रातलं खालचं गार पाणी त्या दिवसांत वर येतं म्हणून हवा ढगाळ आणि मस्त गार असते. मग सप्टेंबर ते नोव्हेंबर दुसरा, छोटा पावसाळा. उत्तरेला तमालेकडे मात्र एकच पावसाळा, मे ते ऑक्टोबर, आणि तिथे ऑगस्ट-सप्टेंबरच सगळ्यात जोराचे. त्यामुळे "घानात पाऊस कधी असतो" असं विचारूच नका, कुठल्या भागात ते आधी ठरवा. मोले नॅशनल पार्कला हत्ती बघायला जायचंय तर पावसाळा सोडाच, गवत उंच वाढलेलं असतं, पाणी सगळीकडे असतं, हत्ती पाणवठ्यावर येणार कशाला? त्यासाठी जानेवारी ते मार्च.

दुसरं, पाऊस कसा पडतो ते. आपल्याला कोकणातली झड माहितीये, दोन दोन दिवस रिपरिप. तिकडे बऱ्याचदा पूर्वेकडून काळाकुट्ट ढगांचा पट्टा येतो, अचानक गार वारा सुटतो, पत्रे वाजायला लागतात आणि थोड्याच वेळात असा पाऊस की समोरचं दिसत नाही, तास-दोन तासांत सगळं संपून ऊन. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही, चांगला रेनकोट न्या. वारा सुटला की लगेच पक्क्या इमारतीत शिरायचं, झाडाखाली थांबायचं नाही. हे मी कळकळीने सांगतोय, कारण मार्च 2017 मध्ये किंटाम्पो धबधब्यावर वादळात मोठं झाड कोसळून जवळपास वीस जण गेले, त्यात बरीचशी शाळा-कॉलेजची मुलं होती. व्ली, बोटी हे धबधबे पावसाळ्यात खरंच बघण्यासारखे असतात, जरूर जा, पण सकाळी जा आणि तिथला गाईड नको म्हणाला तर पैसे भरलेत म्हणून वाद घालू नका.

अक्राचा वर्षाचा पाऊस साधारण 800 मिलीमीटर, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. हे ऐकून आपली माणसं निर्धास्त होतात. पण तो थोडक्या तासांत पडतो, उघडी गटारं कचऱ्याने तुंबलेली असतात आणि ओडॉ नदीच्या काठचा सखल भाग बघता बघता भरतो. 3 जून 2015 ला सर्कल भागात पुरातून वाचायला लोक पेट्रोल पंपावर थांबले होते, तिथे स्फोट झाला आणि त्या पूर-आगीत दीडशेवर माणसं गेली. रस्त्यावर पाणी चढलं तर टॅक्सीवाल्याला "काढ पुढे" म्हणू नका, पाण्याखाली गटार कुठंय ते कुणालाच दिसत नाही. गावाकडचे लाल मातीचे रस्ते पावसात साबणासारखे होतात, ट्रोट्रो म्हणजे तिकडची वडाप, ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी अक्रातच मुक्काम ठेवा.

यलो फीवरची लस शेवटच्या आठवड्यात घेणं ही तर नेहमीची चूक. सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं, सरकारमान्य केंद्रावरच मिळतं, एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इन बॅगेत टाकू नका. परत येताना ते नसेल तर भारतात 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात.

आणि मलेरिया. "आपल्याकडेही होतो की" हे वाक्य कृपा करून सोडून द्या. तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम, म्हणजे जीवावर बेतणारा. जायच्या आधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्या आणि घरी आल्यावर बंद करू नका, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवस, डॉक्सिसायक्लिन 4 आठवडे चालू ठेवायची असते. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, मच्छरदाणी. गोळ्या घेऊनही ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा. माझ्या एका सहकाऱ्याला पुण्यात परतल्यावर दोन आठवड्यांनी ताप आला, तो व्हायरल समजून तीन दिवस पॅरासिटामॉलवर राहिला आणि शेवटी आयसीयूत गेला. वाचला, पण डॉक्टरांना घानाहून आलोय हे त्याने चौथ्या दिवशी सांगितलं होतं. परतल्यावर निदान तीन महिने तरी, कुठलाही ताप असू दे, दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य तेच बोला.