हिब्रू कॅलेंडरचा कोड लिहिताय? अदारच्या या चुका टाळा

अधिक महिना म्हटला की मराठी प्रोग्रॅमरला वाटतं, हे तर आपल्या घरचंच. पहिली गफलत तिथेच होते. आपला अधिक मास २०२३ मध्ये श्रावणाला लागला, २०२६ मध्ये ज्येष्ठाला. हिब्रू म्हणजे ज्यूंच्या दिनदर्शिकेत मात्र तो कायम अदार या महिन्यालाच लागतो (मग पहिला अदार आणि दुसरा अदार असे दोन होतात, आणि ते वर्ष लीप), तोही १९ वर्षांच्या चक्रातल्या ठरलेल्या सात वर्षी: ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९.

ही यादी जशीच्या तशी कोडमध्ये घालू नका. एकोणिसाव्या वर्षाला १९ने भागलं की बाकी शून्य येते आणि ५७७६ सारखं लीप वर्ष गुपचूप साधं ठरतं. त्यापेक्षा वर्षाला ७ने गुणा, १ मिळवा, १९ने भागा. बाकी ७पेक्षा कमी आली तर लीप वर्ष.

महिन्याचा नुसता आकडा साठवू नका

डेटाबेसमध्ये महिना ‘७’ असा लिहिलाय. म्हणजे कोणता? हेबकॅल (ज्यू कॅलेंडरची लायब्ररी) निसान महिन्यापासून मोजतं, तिथे ७ म्हणजे तिश्री. आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) तिश्रीपासून, पण शून्याने सुरुवात करतं. तिथे ७ म्हणजे निसान. डॉटनेटमध्ये साध्या वर्षी ७ म्हणजे निसान आणि लीप वर्षी दुसरा अदार! आयसीयूत आणखी एक गंमत आहे. पहिल्या अदारसाठी ५ हा आकडा राखीव असतो आणि साध्या वर्षी तो सरळ गाळला जातो. आकड्यात एक मिळवून पुढचा महिना काढणारा लूप तिथे अडखळणारच.

जावास्क्रिप्टच्या टेम्पोरल या तारखांच्या एपीआयमध्ये पहिल्या अदारला ‘एम०५एल’ असा वेगळा कोड आहे, आणि २०१५ च्या आरएफसी ७५२९ या इंटरनेट मानकाने आयकॅलेंडर या कॅलेंडर-फाइल स्वरूपाच्या आवर्ती नोंदींसाठी ‘५एल’ची सोय केली. साठवायचं ते हे.

कोणता अदार?

पुरीम हा ज्यू सण लीप वर्षी दुसऱ्या अदारच्या १४ तारखेला असतो. ५७८७ हे लीप वर्ष आहे, त्यामुळे पुरीम २३ मार्च २०२७ ला येतो. तुमचं अ‍ॅप २१ फेब्रुवारी दाखवत असेल तर त्याने पहिला अदार धरलाय.

वाढदिवस आणि पुण्यतिथी एकाच फंक्शनमध्ये कोंबू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पहिल्या अदारला ३० दिवस असतात, साध्या वर्षाच्या अदारला २९. मग ३० तारखेला जन्मलेल्याने साध्या वर्षी काय करायचं? प्रचलित गणनेत वाढदिवस १ निसानला जातो. त्याच तारखेची पुण्यतिथी, म्हणजे यारत्साइट, मात्र मागे सरकून ३० शेवातला येते. तारीख एक, उत्तरं दोन.

उलट दिशेचा प्रश्न याहून नाजूक. मृत्यू साध्या वर्षाच्या अदारमध्ये झाला असेल, तर लीप वर्षी यारत्साइट कधी? अश्कनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत साधारणपणे पहिल्या अदारमध्ये पाळतात, काही जण दोन्हींत; सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) परंपरेत दुसऱ्या अदारमध्ये. हा निर्णय प्रोग्रॅमरने घ्यायचा नसतो. सेटिंग द्या आणि कुटुंबाला ठरवू द्या.

जन्मतारीख विचारताना ‘सूर्यास्तानंतर जन्म?’ हा चौकोनही ठेवा. हिब्रू दिवस संध्याकाळीच बदलतो.

टेस्टसाठी दोन मुलं घ्या, दोघंही दिवसा जन्मलेली: एक ९ मार्च २०२४ चा, म्हणजे पहिल्या अदारची २९ तारीख, दुसरा ११ मार्चचा, म्हणजे दुसऱ्या अदारची १ तारीख. तेरा वर्षांनी ५७९७ हे साधं वर्ष आहे, अदार एकच. दोन दिवसांनी लहान असलेल्याचा बार मित्स्वा (मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाल्यावरचा धार्मिक सोहळा) १ अदारला होतो आणि मोठा २९ अदारपर्यंत थांबतो. टेस्टर हे बग म्हणून नोंदवेल. बग नाही, तिकीट बंद करा.