फोटोंवर एकगठ्ठा कमांड चालवताय? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात आत्याचं घर आहे. तिचे जुने अल्बम आम्ही दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्या घालवून स्कॅन केले. सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके), म्हणजे ३६०० बाय २४०० पिक्सेल. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला लहान प्रती हव्यात म्हणून तिच्या नातवाने त्याच फोल्डरमध्ये इमेजमॅजिक या कमांड लिहून फोटो बदलणाऱ्या प्रोग्रामचं ‘मॉग्रिफाय -रिसाइझ ८००’ चालवलं. "काका, झालंसुद्धा!" म्हणाला. झालं होतं खरंच. मॉग्रिफाय नवी फाइल करत नाही, मूळ फाइलवरच लिहितं. प्रत्येक फोटो ८०० बाय ५३३ झाला, वीसातले एकोणीस भाग पिक्सेल गेले. रीसायकल बिनमध्ये काही नव्हतं, कारण काही डिलीट झालंच नव्हतं. दोन अल्बम तोवर ग्वाल्हेरच्या चुलत्यांकडे परत गेले होते. आत्याच्या लग्नाचे फोटो त्यातच होते.

मॉग्रिफायला ‘-पाथ’ देऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहायला सांगा, आणि तो फोल्डर आधी स्वतः तयार करा. मी तर मूळ फाइलींची आणि त्यांच्या फोल्डरचीही लिहिण्याची परवानगी काढून टाकतो, शिवाय एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. कॉपी व्हायला दहा मिनिटं लागतात म्हणून ती टाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक दर नवरात्रात दिसते: गरब्याचे फोटो आडवे पडलेले. फोन उभा धरला तरी फोटो बहुधा आडवाच साठवला जातो आणि ‘उभा दाखव’ अशी खूण एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या माहितीत, राहते. ‘-स्ट्रिप’ ती खूण पुसतं. घराचं लोकेशन बाहेर जाऊ नये म्हणून स्ट्रिप मीही वापरतो, पण आधी ‘-ऑटो-ओरिएंट’, मग स्ट्रिप. क्रम उलटला की उपयोग नाही. स्ट्रिपमुळे रंगाचं प्रोफाइलही जातं. अडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या प्रोफाइलमधले फोटो त्यामुळे फिके दिसतात, म्हणून आधी एसआरजीबी या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये बदलून घ्या.

‘१६००x१६००>’ मधलं शेवटचं ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह (‘याहून मोठे फोटोच लहान कर’ असा त्याचा अर्थ) अवतरणात ठेवा. नाहीतर शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, त्याला ‘पुढच्या फाइलमध्ये लिही’ असं समजतं आणि ती फाइल रिकामी करून टाकतं.

नावात मोकळी जागा असेल तर तिथेही अवतरण. लिनक्सवर ‘जेपीजी’ मोठ्या आणि लहान लिपीत वेगळं धरलं जातं. निम्मे फोटो सुटले तर आधी तेच बघा.

जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करा.

विंडोजवर इमेजमॅजिकचं ‘कन्व्हर्ट’ लिहून भलतंच उत्तर आलं, तर ते डिस्कची फाइल सिस्टम बदलणारं विंडोजचं स्वतःचं साधन आहे. इमेजमॅजिक ७ असेल तर ‘मॅजिक’ (magick) लिहा.

आणि पाचशे फोटोंवर चालवण्याआधी तीनच घ्या: एक उभा, एक आडवा, एक स्कॅन. तिन्ही उघडून, मोठे करून बघा. मी आजही बघतो.